पहिल्यांदाच संगीत नाटकाला जाताय? पुण्यातल्या नव्या प्रेक्षकासाठी काही पायऱ्या

अर्जुनाला शेवटी सुभद्रा मिळते, हे 1882 मध्ये ‘संगीत सौभद्र’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हाही समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही लोक आले, आणि आजही येतात. संगीत नाटकाला पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी एवढं ध्यानात घ्यावं की इथे ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेवर तीन तास निघत नाहीत. ती उत्सुकता घेऊन बसलात तर तिसऱ्या पदाला, म्हणजे नाटकातल्या गाण्याला, तुम्ही घड्याळ बघायला लागाल. गोष्ट माहीत असेल तर मात्र मन मोकळं राहतं आणि ते सगळं गाण्याकडे देता येतं. खाली जे काही सांगणार आहे, ते बहुतेक या एका गोष्टीसाठीच आहे.

पुण्यात राहून हे न बघणं मला खरंच हळहळ वाटण्यासारखं वाटतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी याच शहरात, आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. त्या दिवशी पहिले चारच अंक झाले होते. मराठी संगीत रंगभूमीची सुरुवात तिथून मोजतात.

पायरी पहिली : जाहिरात नीट वाचा

वर्तमानपत्रातला नाटकांच्या जाहिरातींचा रकाना किंवा तिकिटाचं ॲप उघडलंत की ‘संगीत’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी दिसेल. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, संपूर्ण संगीत नाटक : वेशभूषा, नेपथ्य, गद्य संवाद आणि नटांनी स्वतः तिथल्या तिथे गायलेली पदं. दोन, निवडक नाट्यप्रवेश : गाजलेल्या नाटकांतले चार-पाच प्रवेश एकापाठोपाठ एक. तीन, नाट्यगीतांचा कार्यक्रम, म्हणजे गायक गादीवर बसून गातात आणि मध्ये निवेदक बोलतो. तिन्ही चांगल्या, पण नाटक समजून मैफलीला गेलात तर चुकल्यासारखं होईल. जाहिरातीत लेखक आणि दिग्दर्शकाच्या बरोबरीने भूमिका करणाऱ्यांची नावं आहेत का आणि साथीला ऑर्गन-तबला कोणाचा आहे हे दिलंय का, ते पाहा. साथीदारांची नावं दिली असतील तर गाणं रंगमंचावर प्रत्यक्ष होणार हे नक्की. नव्या संगीतप्रधान नाटकांत काही वेळा वाद्यमेळ आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. शंका असेल तर तिकीट खिडकीवर सरळ विचारा.

पायरी दुसरी : पहिलं नाटक कोणतं?

इथे घाई करू नका. सगळी संगीत नाटकं एकाच तऱ्हेने गात नाहीत, आणि तुमच्या कानाला कोणतं लवकर भावेल ते नाटक कोणत्या काळचं आहे यावर बरंच अवलंबून आहे.

किर्लोस्करांच्या नाटकांत पदं खूप असतात आणि ती बहुधा लहान असतात. साकी, दिंडी अशा कीर्तनातून आणि लोकगीतांतून कानावर पडलेल्या चाली त्यांत आहेत. पात्रं एकमेकांशी पदांतून बोलतात. एकाने पदात विचारायचं आणि दुसऱ्याने पदातच उत्तर द्यायचं. त्या काळी प्रयोग रात्रभर चालायचे. आता पदं निवडून प्रयोग आटोपशीर केलेला असतो. ‘सौभद्र’ खेळकर आहे. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, अर्जुन संन्याशाच्या वेषात वाड्यात येतो, आणि सगळ्या दोऱ्या कृष्णाच्या हातात. पुराणातली माणसं अगदी घरातल्यासारखी बोलतात, म्हणून ते अजून ताजं वाटतं.

पुढची पायरी गायकनट बालगंधर्वांच्या काळातली. नाटककार खाडिलकरांचं ‘मानापमान’ 1911 मध्ये आलं, त्याला गोविंदराव टेंबे यांचं संगीत होतं. 1916 मधल्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. भास्करबुवा म्हणजे पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे मोठे ख्यालगायक. त्यांच्यासारख्यांचा हात लागल्यावर पदाचं रूपच पालटलं. पदं संख्येने कमी झाली, पण एकेक पद रागाच्या अंगाने फुलायला लागलं. आलाप, ताना, मुखड्याकडे म्हणजे पहिल्या ओळीकडे फिरून फिरून येणं, सगळं आलं. एक पद दहा-दहा मिनिटं चालू शकतं. तुम्हाला शास्त्रीय गाण्याची आवड असेल तर थेट इथूनच सुरुवात करा. नसेल तर हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला ठेवा.

त्यानंतर 1960 च्या दशकात पंडित जितेंद्र अभिषेकींनी पद पुन्हा आटोपशीर केलं. ‘मत्स्यगंधा’ (1964), ‘ययाति आणि देवयानी’ (1966), ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) ही नाटकं त्यांच्या संगीताची. राग असतोच, पण गाणं मोजकं, रेखीव. आजच्या कानाला हे सगळ्यात जवळचं. ‘कट्यार’ मुळात दोन घराण्यांच्या गायकांचीच गोष्ट आहे, त्यामुळे ‘ही माणसं मध्येच का गातात’ हा प्रश्नच पडत नाही. पहिल्या खेपेसाठी मी बहुतेकांना तेच सांगते.

ज्यांना गाण्यापेक्षा नाटकाची ओढ जास्त आहे त्यांच्यासाठी गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं ‘संशयकल्लोळ’ म्हणजे संशयी नवरा, तितकीच संशयी बायको आणि त्यातून वाढत जाणारा घोळ. पदं बाजूला ठेवली तरी त्याचं गद्य आजही नाट्यगृह हसवतं. ‘शारदा’ (1899) मात्र जरा मन घट्ट करून बघा. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याच्या चालीवरचं ते नाटक आहे, आणि त्यातली पदं ऐकताना घशात काहीतरी अडकतं.

नवं लिखाणही होतं आहे. 2017 मध्ये आलेल्या ‘संगीत देवबाभळी’त रंगमंचावर दोनच बायका आहेत, तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपात आलेली रखुमाई. दोघीच बोलतात, दोघीच गातात. संगीत नाटक म्हणजे फक्त शंभर वर्षांपूर्वीचं, असा समज असेल तर तो काढून टाका.

पायरी तिसरी : तिकीट आणि जागा

प्रयोगाच्या काही दिवस आधी ‘प्लॅन’ उघडतो, म्हणजे खुर्च्यांच्या आराखड्यावर तिकीटविक्री सुरू होते. ॲपवर घेता येतंच, पण जमत असेल तर एकदा खिडकीवर जाऊन घ्या. तिथला माणूस कोणती खुर्ची खांबाआड, कोणती स्पीकरच्या तोंडाशी, हे अचूक सांगतो.

सगळे पहिल्या रांगेसाठी धडपडतात. संगीत नाटकाला ती घेऊ नका. मान वर करून बसावं लागतं, नटांच्या पायांचे आवाज येतात आणि वाद्यांचा तोल एका बाजूला झुकतो. पाचव्या ते दहाव्या रांगेतली मधली खुर्ची सगळ्यात चांगली. ऑर्गन, तबला आणि गळा तिथे एकजीव होऊन पोचतात. पैसे वाचवायचे असतील तर बाल्कनीची पहिली रांग घ्या, अगदी कडेच्या खुर्च्या टाळा. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर बाल्कनी नको, जिने चढावे लागतात.

नाट्यगृह कोणतं यानेही फरक पडतो. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर छोटं आणि जवळिकीचं आहे. 1894 पासून चालत आलेली ही संस्था जुनी संगीत नाटकं आजही नेटाने उभी करते, आणि तिथे बसणाऱ्यांत पदं पाठ असलेली मंडळी भेटतात. जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी, सुरू झालं. ते चांगलंच मोठं आहे, तिथे जागा विचार करून निवडा. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिर आहे, कोथरूडकरांना यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि चिंचवडकरांना रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह जवळ. पहिलं नाटक भरतला बघायला मिळालं तर उत्तम, कारण नटाच्या चेहऱ्यावरचं सगळं दिसतं.

पायरी चौथी : घरची तयारी

फार नाही, तासाभराची. गोष्ट शेवटासकट वाचा. पात्रांची नावं आणि नाती लक्षात ठेवा. मग त्या नाटकातली दोनच पदं शोधून ऐका. सगळी ऐकू नका, काही तिथे पहिल्यांदा कानावर पडू द्या. त्या दोन पदांचे शब्द मात्र वाचून काढा. जुन्या पदांत संस्कृत शब्द भरपूर असतात, समास लांबलचक असतात, आणि तानेच्या ओघात ते कळत नाहीत. नाट्यगृहात पूर्वी पदांची पुस्तिका विकत मिळायची ती याचसाठी. आता ते काम आपल्या फोनवर घरीच करून जायचं.

एक सूचना मनापासून. एखाद्या थोर गायकाचं ध्वनिमुद्रण ऐकून गेलात तर रंगमंचावरच्या तरुण नटाला त्या मापाने मोजू नका. ध्वनिमुद्रणातला गायक खुर्चीत बसून गायलेला आहे. तुमच्या समोरचा नट भरजरी अंगरखा घालून, दिव्यांच्या झोतात, आताच दहा मिनिटांचं गद्य बोलून, समोरच्या पात्राकडे बघत गातो आहे. ते काम निराळं आहे आणि फार अवघड आहे.

पायरी पाचवी : पोचायचं कधी, न्यायचं काय

प्रयोगाच्या अर्धा तास आधी पोचा. बालगंधर्वला जायचं तर छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. पेठेत गाडी न्यायची असेल तर लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं जातील हे धरून चाला. कपड्यांचा काही नियम नाही. वातानुकूलन जोरात असतं, म्हणून शाल किंवा स्टोल घ्या. खोकल्याची गोळी आवरणातून काढून रुमालात ठेवा, कारण तो चुरचुर आवाज आलापाच्या मधोमध सहा रांगांपर्यंत जातो. प्लास्टिकच्या पिशव्यांचंही तेच. फोन पूर्ण बंद करा. नुसता मुका करून भागत नाही, मांडीवर उजळलेला पडदा मागच्या पंचवीस जणांना दिसतो आणि रंगमंचावरून तर फारच दिसतो. चित्रीकरण करू नका.

अगदी लहान मुलांना आणू नका. सात-आठ वर्षांच्या पुढचं मूल, गोष्ट सांगून आणलेलं, छान रमतं. त्याला कडेच्या खुर्चीवर बसवा, म्हणजे कंटाळलं तर पटकन बाहेर नेता येईल.

पायरी सहावी : तिसरी घंटा आणि नांदी

दोन घंटा होतात तोवर लोक गप्पा मारत असतात. तिसऱ्या घंटेला दिवे मंद होतात. पडद्याआडून धुपाचा वास येतो, आत पूजा झालेली असते. मग ऑर्गनचा भरदार सूर लागतो आणि नांदी सुरू होते. नांदी म्हणजे नाटकाच्या आरंभीचं स्तवन, सगळी नटमंडळी मिळून गातात. हीच दोन-चार मिनिटं चुकवणारे लोक सगळ्यात जास्त असतात, कारण ‘अजून नाटक सुरू व्हायचंय’ असं त्यांना वाटतं. नांदी ऐकाच. तिथे सगळे आवाज एकदम लागतात, आणि त्या संध्याकाळी नाट्यगृहात गाणं कसं घुमणार आहे ते तुमच्या कानाला कळतं. जुन्या नाटकांत त्यानंतर सूत्रधार येऊन कवीची आणि नाटकाची ओळख करून देतो. उशीर झालाच तर नांदी संपेपर्यंत दाराशी उभे राहा, गाण्याच्या मध्येच रांगेत शिरू नका.

साथीदार कुठे बसलेत ते याच वेळी बघून घ्या. रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत किंवा विंगेलगत ते असतात. ऑर्गनवाला पायाने भाता चालवतो, म्हणून त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असतात आणि तो नटाच्या गळ्यामागे सावलीसारखा जाऊ शकतो.

पायरी सातवी : पद ऐकायचं कसं

आता सगळ्यात महत्त्वाचं. नट बोलता बोलता थांबतो, ऑर्गन एक सूर देतो, आणि पद सुरू होतं. समोरचं पात्र तसंच उभं राहतं. नवख्या प्रेक्षकाला इथे वाटतं की गोष्ट थांबली. गोष्ट थांबलेलीच असते, तसं ठरवूनच केलेलं असतं. रागवणं, रुसणं, निश्चय करणं, हे खऱ्या आयुष्यात एका क्षणात होऊन जातं. संगीत नाटक तो क्षण धरून ठेवतं आणि आतून उलगडून दाखवतं. म्हणून पद चालू असताना ‘हिने आता त्याला काय उत्तर दिलं’ हे शोधू नका. पहिल्या दोन ओळींत तिला काय म्हणायचंय ते कळलेलं असतं. उरलेला वेळ ती ते कसं कसं म्हणते आहे त्यासाठी आहे.

कानाला एक काम द्या. पदाची पहिली ओळ, म्हणजे मुखडा, मनात धरून ठेवा. गायक तिथून निघून रागात हिंडतो आणि पुन्हा तिच्यावर येतो. तबल्याचं आवर्तन जिथे पूर्ण होऊन नव्याने सुरू होतं ती पहिली मात्रा म्हणजे सम. मुखड्यातला एक ठरावीक शब्द दर वेळी नेमका त्या समेवर येऊन पडतो. तबलजीकडे बघा, त्याची मान आणि हात तुम्हाला ती जागा दाखवतील. दोन-तीन आवर्तनांत तुमची मान आपोआप हलेल. राग ओळखता येत नसला तरी काही अडत नाही. ही एक गोष्ट साधली की दहा मिनिटांचं पद लांब वाटत नाही.

दुसरं काम डोळ्यांना. गात नसलेल्या पात्राकडे बघा. चांगला नट नुसता उभा राहत नाही, ऐकत असतो. कृष्णाचं पद रुक्मिणी कशी ऐकते, यात अर्धं नाटक असतं. वाईट प्रयोग आणि चांगला प्रयोग यांतला फरक मला तरी बहुतेक वेळा इथेच दिसतो.

पायरी आठवी : दाद आणि वन्स मोअर

दाद द्या, संकोच करू नका. ही नाटकं दादेवर चालतात. अवघड जागा, म्हणजे गाण्यातलं एखादं खास वळण, घेऊन नट समेवर नेमका आला की ‘वा!’ निघून जातं, ते जाऊ द्या. टाळ्या मात्र पद संपल्यावर. तालात ठेका धरून टाळ्या वाजवू नका, त्याने तबला झाकला जातो आणि लय हलते. आणि बरोबर गाऊ नका. पुण्यात पदं पाठ असलेले पुष्कळ आहेत, त्यांतले काही गुणगुणतात. शेजारी कोणी तसं करत असेल तर मध्यंतरात हात जोडून सांगा, बहुतेक लोक ऐकतात.

‘वन्स मोअर’ हा प्रेक्षकाचा जुना हक्क आहे, पण त्याची जागा ठरलेली आहे. पद पूर्ण संपलं, टाळ्या पडल्या आणि पुढचा संवाद सुरू व्हायचा आहे, त्या फटीतच तो मागायचा. नट तेव्हा त्याच पवित्र्यात थांबलेला असतो आणि ऑर्गनवाल्याकडे बघतो. त्याने पुन्हा सूर घेतला तर तुमचं भाग्य. दुसऱ्यांदा तो तेच गात नाही, वेगळ्या जागा घेतो, म्हणून तेव्हा अधिक लक्ष द्या. त्याने संवाद सुरू केला तर पुन्हा ओरडू नका. त्याला अजून दोन अंक गायचे आहेत, गळा राखायचा आहे. गंभीर प्रसंगानंतरच्या पदाला वन्स मोअर मागूच नये असं माझं ठाम मत आहे. रडत बाहेर गेलेल्या शारदेला परत बोलावण्यात गाण्याचं कौतुक होत असेल, नाटकाचं होत नाही.

पायरी नववी : मध्यंतर

दहा-पंधरा मिनिटं मिळतात. बालगंधर्वला बटाटावडा आणि चहा घ्यायचा तर दिवे लागताच उठा. खाणं आत नेऊ नका. शेजारी एखादे आजी-आजोबा बसले असतील तर त्यांना विचारा, ‘तुम्ही हे आधी कोणाचं पाहिलंय?’ त्यांनी पाहिलेले नट, ऐकलेल्या जागा, कुठल्या पदाला किती वेळा वन्स मोअर आला होता, असं कितीतरी ऐकायला मिळेल, आणि ते कुठल्या पुस्तकात नसतं.

पायरी दहावी : पडदा पडल्यावर

शेवटी बऱ्याच नाटकांत भरतवाक्य असतं, सगळ्यांचं भलं चिंतणारं समारोपाचं पद. गाडी आधी बाहेर काढायची म्हणून त्या वेळी उठून चालू लागणारे लोक असतात. तुम्ही बसून राहा. नटमंडळी पुन्हा समोर येऊन नमस्कार करतात, त्यांत साथीदारांची ओळख करून देतात. त्यांच्यासाठीही तितक्याच जोरात टाळ्या वाजवा.

मग रंगपटात, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीत, जा. मराठी रंगभूमीवर ही मुभा आहे आणि नव्या प्रेक्षकांना ती माहीत नसते. बाजूच्या दाराशी विचारा, पाच मिनिटं थांबा, मेकअप उतरवणाऱ्या नटांना भेटता येतं. ‘छान झालं’ एवढंच म्हणून निघू नका. कोणतं पद आवडलं, त्यातली कोणती ओळ, ते सांगा. शक्य असेल तर ऑर्गनवाल्याला त्या पदाचा राग विचारा आणि लिहून घ्या, म्हणजे त्याच रागातलं आणखी काही घरी शोधून ऐकता येईल. पुढचा प्रयोग कुठे आणि कधी आहे हेही तिथेच कळतं. रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर बाहेर पडेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते, तेव्हा परतीच्या रिक्षाचं मध्यंतरातच ठरवून ठेवा.